टपावरचे ओरखडे

गाडी धुणं म्हणजे गाडीला आंघोळ घालणं, असं ज्याला वाटतं त्याने सायकल धुवावी. पाणी गाडीच्या रंगाचं काही वाकडं करत नाही. धूळसुद्धा नुसती बसून राहिली तर काही करत नाही. धूळ आणि माणसाचा हात एकत्र आले की मात्र रंगाची वाट लागते. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळे हे पुस्तकात असतं की नाही मला माहीत नाही. आमच्या ह्यांनी आणि मी पेट्रोल पंपामागे धुण्याची शेड टाकली, तेव्हा लोकांच्या गाड्या धुताधुताच हे कळलं, आणि कळेपर्यंत शिव्याही पोटभर खाल्ल्या.

तेव्हापासून शेडमध्ये कायदा माझा. आधी पाइपाने नुसतं पाणी सोडायचं, माती आपल्या पायांनी उतरून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत साबण, दुसरीत साधं पाणी. गाडीवरून हात फिरवला की हातातला केसाळ मोजा साध्या पाण्यात खळबळायचा, मगच साबणात बुडवायचा. म्हणजे रेती बादलीच्या तळाला बसते, गाडीवर परत जात नाही. खाली पडलेलं फडकं गाडीला लावायचं नाही, मग ते राजाच्या पागोट्याचं का असेना. आणि कोरड्या गाडीवर फडकं मारताना कोणी दिसला तर त्याची खैर नाही. कोरडं पुसणं म्हणजे रंगाला पॉलिश कागद घासणं.

हे गेल्यावर शेडवर राहिले दोघं, थोरला मुलगा आणि धाकटी सून. धाकटा मुलगा नोकरीच्या निमित्ताने लांब गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. त्याचं नाव आमच्या घरात निघत नाही. त्याची बायको आणि मुलगी मात्र मी ठेवून घेतली. नातेवाइकांनी नाकं मुरडली, मुलगाच नाही तर सून कशाला सांभाळतेस म्हणाले. मी म्हटलं, घाण माझ्या पोटच्याने केली, तर निस्तरायचीही मीच.

धाकटी कामाला वाघीण, पण उंची बेताची. गाडीच्या टपासाठी तिला स्टूल लागतं. अर्धा टप एका बाजूने धुवायचा, मग स्टूल उचलून पलीकडे न्यायचं आणि उरलेला अर्धा तिकडून. वेळ लागतो, पण तिच्या हातून कधी रंगाला केसाएवढा चरा पडला नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण तिने धुतलेली प्रत्येक गाडी मी बॅटरी घेऊन तपासायचे. तिरका उजेड टाकला की चरा लपत नाही. काही सापडायचं नाही. तरी मी तपासायचे.

थोरला बापासारखा ताडमाड. एका बाजूला उभा राहून पलीकडच्या कडेपर्यंत टप पुसतो. उंची बापाची घेतली, चिकाटी घ्यायची राहून गेली. फोन कानाला, नजर रस्त्यावर आणि हात गाडीवर गोल गोल, जसं काही तवा घासतोय.

गिऱ्हाइकं धाकटीला शोधत यायला लागली तसं थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. जेवायला बसला की त्याचं एकच पालुपद असायचं, हिला हिच्या भावाकडे पाठव. शेड एकाच्या हातात पाहिजे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. त्याची बायको मान डोलवायची. धाकटी मोरीत भांडी घासता घासता सगळं ऐकायची आणि नळ जरा मोठा सोडायची. भावाच्या घरी तिला झोपायला कोपरा मिळाला असता, पण हातचं काम गेलं असतं आणि मुलीची शाळा सुटली असती. हे मला कळत होतं. तिला घालवायचं माझ्या मनात नव्हतं. पण मी थोरल्याला हो म्हटलं नाही, तसं नाहीही म्हटलं नाही. सुनेला डोक्यावर बसवलं की ती आधी आपले पिकलेले केस मोजते, असं माझी सासू म्हणायची. मी तिचीच सून.

अशात डोळ्यांच्या डॉक्टरांच्या गाडीचं प्रकरण झालं.

गाडी नवी आणि काळी. काळा रंग म्हणजे चुगलखोर नणंद, पोटात काही ठेवणार नाही. आदल्या दिवशी ती आमच्याकडे धुवायला होती. माझा गुडघा सुजला होता म्हणून मी घरी पडून होते. शेडवर हे दोघंच, आणि गाड्यांची रांग. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर गाडी घेऊन परत आले आणि त्यांनी ती शेडच्या बाहेर, भर उन्हात उभी केली. सावलीत आरशासारखी दिसणारी गाडी उन्हात खरं बोलते. टपावर कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल ओरखडे पडले होते.

डॉक्टर भला माणूस. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द मलाही ऐकवता आले असते. ते म्हणाले, मला भरपाई नको, पॉलिश मी करून घेईन.

"फक्त एवढं सांगा मावशी, हे कुणाच्या हातचं आहे. त्या हातात मी गाडी पुन्हा देणार नाही."

मी तोंड उघडायच्या आत थोरला पुढे झाला. तुमची गाडी नेहमी आमची धाकटी धुते, म्हणाला, कालही तिनेच धुतली. तिचं लक्ष हल्ली कामात नसतं. तशीही ती आता भावाकडे चालली आहे, पुढच्या वेळी मी स्वतः बघेन. हे सगळं त्याने इतकं गोड हसून सांगितलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. भावाकडे चालली आहे हे घरात कधी ठरलं, ते मला त्याच्याकडून डॉक्टरांसमोर कळलं.

धाकटी पाइप गुंडाळत होती. तिने पाइप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. थोरल्याकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे.

मला कळत होतं की आता मी मान हलवली तर ती संध्याकाळी बोचकं बांधणार. आणि मान नाही हलवली तर पोटचा मुलगा गिऱ्हाइकासमोर खोटा पडणार. मी खुर्चीवरून उठले, गुडघा धरत गाडीजवळ गेले आणि टपाकडे निरखून बघितलं. फार वेळ बघायची गरजच नव्हती. ओरखडे एका कडेपासून निघाले होते आणि टपाची मध्यरेघ ओलांडून पार पलीकडच्या कडेला टेकले होते. एकेक फेरा एका दमात मारलेला.

मी धाकटीला हाक मारली. स्टूल आण, म्हटलं, वर चढ आणि हात टाक. ती चढली. हात पुरता ताणला तरी बोटं मध्यरेघेला जेमतेम टेकली, पलीकडे गेली नाहीत. मग मी थोरल्याला म्हटलं, आता तू टाक. त्याने हात खिशात घातले.

"डॉक्टर, हात माझ्या मुलाचा आहे," मी म्हणाले. "धूळ तशीच होती आणि याने वरून कोरडं फडकं मारलं. सून माझी असं काम करत नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. भल्या माणसाला दुसऱ्याची लाज बघवत नाही. थोरला म्हणाला, फोन चालू होता, तुम्हाला घाई होती, वरवरची धूळ तेवढी झटकली. मग पाय आपटत पंपाकडे निघून गेला. संध्याकाळी घरी तो मला म्हणाला की तू परक्यासमोर माझं नाक कापलंस. मी म्हटलं, नाक तूच कापलंस, मी नुसतं रक्त पुसलं. त्यानंतर आमचं बोलणं मीठ दे आणि पाणी दे एवढ्यावर आलं.

पण ते नंतरचं. तेव्हा शेडमध्ये मला वाटत होतं की आता धाकटी डोळे पुसेल, आई म्हणून जवळ येईल. माझ्या जागी दुसरी कुठली सासू असती तर पोरालाच पाठीशी घातलं असतं. धाकटी स्टुलावरून उतरली आणि पदराला हात पुसू लागली, चांगले कोरडे होईपर्यंत.

"आई, तुम्ही उजेड मारून बघायचात ते माझ्याच गाड्या," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, खाली. "भाऊजींची एक तरी बघितली असती, तर आज माझा हात मोजायची वेळ आली नसती."

"अगं, मी तुझीच बाजू घेतली ना?"

"बाजू नाही घेतलीत. माप घेतलंत. मी नुसतं तोंडाने सांगितलं असतं की टप मी पुसला नाही, तर तुम्ही मानलं असतं?"

अख्खा रस्ता माझ्या तोंडाला वचकून असतो. पंपावरचा मॅनेजर मला बघून विडी विझवतो. ते तोंड मी फिरवलं आणि स्टूल उचलून भिंतीला लावलं. हेच तिला उत्तर मिळालं.

ती गेली. भावाकडे नाही गेली, तेवढा स्वाभिमान तिने माझ्याच घरात राहून कमावला असणार. शाळेच्या मागे एका शिंप्याच्या माडीवर खोली घेतली. जाताना नात माझ्या गळ्यात पडली, तिची आई दारात उभी राहिली. मी म्हटलं, पोरीचं दप्तर नीट बघून घे, काही राहायला नको. राहा म्हणायला हवं होतं हे कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण ज्या घरात कोणी कोणापुढे हात जोडत नाही तिथे हात जोडून कोणाला थांबवणं, हे मला जमलेलं नाही.

आता ती घरोघरी जाऊन गाड्या धुते. डॉक्टरांची गाडी तिच्याकडेच आहे, आणि आमची निम्मी गिऱ्हाइकंही. थोरल्याला शेड एकट्याला मिळाली. दुपारी तो खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतो आणि रस्ता त्याच्याकडे बघत नाही.

परवा गुडघा दाखवायला गेले होते, येताना त्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या गल्लीत वळले. उगाच नाही वळले, मुद्दाम वळले. फाटकाशी काळी गाडी उभी होती आणि धाकटी तिचं दार धूत होती. हात वरून खाली, सरळ. मोजा पाण्यात, मग साबणात, मग गाडीवर. टपाचं पॉलिश झालं होतं, त्यात वरचं झाड पान न् पान दिसत होतं. तिने मला बघितलं, या आई म्हणाली, आणि फाटकाच्या आत सावली होती तिथे उभं राहायला सांगितलं. पोरीचं विचारलं, तर म्हणाली बरी आहे, आजीची आठवण काढते. मग ती पुन्हा कामाला लागली.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. काम इतकं देखणं होतं की बघतच राहावं. तिच्या हातासारखा हात आमच्या ह्यांचाही नव्हता. आज हे बोलून टाकायचं असं मी घरून ठरवून निघाले होते, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

"मागच्या चाकाजवळ राहिलंय बघ," मी म्हणाले.

राहिलं नव्हतं. मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं.

"हो, आई," ती म्हणाली. चाकाचं वेगळं फडकं घेतलं, खाली बसली, आणि ती स्वच्छ जागा तिने पुन्हा एकदा नीट पुसून काढली.