वीस मिनिटांचं पाणी

खाजामियाँनी तिसरा कागद फाडला आणि चौथा पुढ्यात ओढला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायची त्यांची जुनी खोड. "सदर मुलगी गुणी, शांत व सुस्वभावी असून वडीलधाऱ्यांचा मान राखते..." चहाची बशी घेऊन आलेल्या सुलतानबी दारातच थबकल्या.

"क्या जी, छोकरी का रिश्ता लगारे क्या?"

"चूप ऱ्हा. मुंबईला जायचाय हा कागद."

पण पेन तिथंच अडलं ते अडलंच. बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं.

कागद तनुजासाठी होता. किल्लारीकडच्या एका पुनर्वसनाच्या गावातली ही पोर डॉक्टर व्हायला म्हणून लातूरच्या क्लासला आली. डॉक्टरकीचे मार्क काही पडले नाहीत, पण हिरमुसून गावी न जाता इथंच बी.ए. झाली. आता तिनं मुंबईच्या एका शिष्यवृत्तीला अर्ज केला होता. पुढं लोकसेवेत मोठ्या जबाबदाऱ्या घेतील अशा पदवीधरांना ती मिळायची. अर्जासोबत एक पत्र लागत होतं, लोकांच्या कामात तिला जवळून पाहिलेल्या माणसाचं, बंद पाकिटात. क्लासचे सर तर अशी पत्रं छापूनच ठेवत, फक्त नाव भरायचं. तनुजा मात्र खाजामियाँकडे आली. अठ्ठावीस वर्षं लातूरच्या गल्ल्यांना नळाचं पाणी सोडून, व्हॉल्वची चावी खात्याला परत करून त्यांना दोन वर्षं झाली होती.

"दोनच ओळी लिहा, चाचा," ती म्हणाली होती. "पण खऱ्या लिहा."

छापील सूचनेत तर सरळच म्हटलं होतं, अर्जदाराने केलेल्या एका कामाचे उदाहरण द्यावे. उदाहरण खाजामियाँजवळ एकच होतं, आणि नेमकं तेच त्यांना लिहवत नव्हतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या सालची गोष्ट. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं, तेही पाऊण तास. तनुजा तेव्हा बारावीला, मेसवाल्या सरजाबाईंच्या वरच्या खोलीत राहायची. एका दुपारी ती फिजिक्सची वही घेऊन खाजामियाँच्या याच खोलीत आली आणि शेवटचं पान उघडून उभी राहिली.

"चाचा, सगळ्या गल्ल्यांना पाऊण तास. तुमच्या गल्लीला वीस मिनिटं जास्त. चार खेपा मोजलं मी."

खाजामियाँचा पारा चढला होता. "क्लासला आलीस ना? मग अभ्यास कर. माझी परीक्षा कशाला घेऊन राहिलीस?"

ती हलली नाही. तिनं वही मिटली आणि भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. भूकंपाच्या वेळी महिनाभर गावोगाव टँकर नेल्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र तिथं लावलेलं होतं.

"आमची आजी सांगती, भूकंपात एक चाचा टँकर घेऊन यायचे. पाटलाला एक घागर अन् आमाला बी एकच. टँकरवर उभं राहून वरडायचे, दुसरी घागर उचलली तर बघा म्हणून. ते तुमीच ना?"

तो चाचा आपणच होतो, हे खाजामियाँना स्वतःलाच आठवावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या व्हॉल्वपाशी पोरगी घड्याळ बांधून हजर. "घड्याळ माझं, चावी तुमची," म्हणाली. तीन महिने ती त्यांच्यासोबत फिरली. कोणत्या गल्लीला किती वाजता सोडलं, किती वाजता बंद केलं, हे ती खडूनं भिंतीवर लिहायची. घागरींची भांडणं थांबली. पावसाळ्यात लोकांनी खाजामियाँना शाल-नारळ दिलं, आणि टाळ्या वाजवण्यात सगळ्यांत पुढं हीच. वीस मिनिटांचा शब्द तिच्या तोंडून कुठं फुटला नाही.

चहा निवून गेला तेव्हा खाजामियाँनी एकदाचं लिहिलं. एका कर्मचाऱ्याकडून एका गल्लीला वीस मिनिटे पाणी जास्त जात होते, तनुजाने ते घड्याळ लावून शोधले आणि बोभाटा न करता बंद केले. शेवटपर्यंत वाचून दाखवल्यावर सुलतानबींनी विचारलं, "कर्मचारी कोन, जी?"

"असंल कोनीतरी."

त्या वीस मिनिटांत सुलतानबींचीच दोन पिंपं जास्तीची भरायची. त्यांनी वाटीत भाताची शितं आणून दिली, खाजामियाँनी पाकीट चिकटवलं आणि संध्याकाळी तनुजा ते न उलटता-पालटता पिशवीत घालून घेऊन गेली.

दीड महिन्यानं एका सकाळी मुंबईहून एका बाईंचा फोन आला. सुलतानबी दारात शेपू निवडत होत्या, समोरच्या ओट्यावर शेजारणी बसलेल्या.

"खाजामियाँच बोलताय ना? तनुजाच्या शिष्यवृत्तीसंबंधी बोलायचं होतं. काल तिची मुलाखत झाली," बाईंचा आवाज मऊ होता. "एक शंका आहे. राग मानू नका, पण हल्ली बरेच अर्ज क्लासमध्ये बसून रचलेले असतात. तुमच्या पत्रातही 'एक कर्मचारी', तिच्या अर्जातल्या निबंधातही 'एक कर्मचारी'. असा माणूस खरंच होता का? आम्ही तिला नाव विचारलं."

"मग?"

"म्हणाली, त्यांचं नाव सांगायचं तर भूकंपापासून सांगावं लागेल, आणि तुमच्याकडं दहाच मिनिटं आहेत. नाहीच सांगितलं तिनं. आता नावच नसेल, तर ही गोष्ट आम्हाला धरता येणार नाही. आणि ती सोडली, तर तिच्या अर्जात फारसं काही उरत नाही."

खाजामियाँना पोरीचा राग आला. एवढी शिकली आणि अक्कल काडीची नाही, असं त्यांना वाटलं, आणि वाटता वाटताच डोळे भरून आले. स्वतःच्या लेकराचा वाटू नये एवढा तिचा अभिमान वाटला. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"मॅडम, तुमच्याजवळ येळ हाय का?"

"आहे. बोला ना."

सुलतानबींनी शेपूची जुडी खाली ठेवली आणि दार लोटायला हात पुढं केला. खाजामियाँनी मान हलवून त्यांना थांबवलं. दार सताड उघडं राहिलं, आणि टँकरवर उभं राहून बोलायचे तसल्या आवाजात ते म्हणाले,

"मग आधी ते वीस मिनिटांचं लिहून घ्या. तो कर्मचारी मी. भूकंपाचं मागून सांगतो."