जागलीची झोप

“शेतकरी रातभर जागते, म्हणून हा देश पोटभर खाऊन झोपते, गफ्फारभाऊ,” गुणवंतराव म्हणाले, आणि दुसरा पायही झोपायच्या पिशवीत घालून त्यांनी चेन वर ओढली. ती गुडघ्यापाशी पायजम्यात अडकली.

देशाला झोपवणारा माणूस ब्रह्मपुरीच्या बाजारात, ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, अर्धा निळ्या पिशवीत आणि अर्धा बाहेर असा उभा राहून तोल सावरू लागला.

“हलू नका, भाऊ,” गफ्फार खाली बसून चेन सोडवत म्हणाला. “उभ्यानं नाई घालत हे. झोपून घालते.”

“झोपलो तं डुक्कर आल्यावर उठू कसा?”

“मंग घेऊन काऊन राह्यले?”

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते दुकानात उभ्यानं देण्यासारखं नव्हतं. गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. शकुबाई स्टुलावर बसून दोरखंडाच्या वेटोळ्याकडे पाहत होत्या आणि पदराचं टोक त्यांनी तोंडावर धरलं होतं. पदराआड हसू आहे की खोकला, हे ओळखायला गुणवंतराव या वर्षभरात शिकले होते. खोकला असला की पाठ हलायची, हसू असलं की खांदे. खांदे हलत होते. त्यांना बरं वाटलं.

गफ्फारच्या दुकानात ताडपत्री, नायलॉनचे दोर, रेनकोट असा शेतकऱ्याच्या कामाचा माल होता. झोपायच्या पिशव्या त्यानं अलीकडे ठेवल्या, त्या जंगल पाहायला येणाऱ्या जोडप्यांसाठी. शहरातली ही मंडळी सुट्टी काढून, जागा आधी राखून ठेवून, थंडीत उघड्यावर एक रात्र काढायला येत आणि परत जाताना जीवन बदलल्याचं सांगत. गुणवंतराव आणि शकुबाई लग्नापासून दरसाल हेच करत आले होते. त्याला जागल म्हणतात. जीवन बदलल्याचं दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

धान निसवलं, लोंब्या फुटल्या, की रानडुकरं येतात. मग शेताच्या मधोमध मचाण बांधायचं, वर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, छप्पर, खाली तणसाचंच अंथरूण, आणि धान कापून होईपर्यंत रात्रीचा मुक्काम तिथंच. खरं तर जागल हे पुरुषाचं काम. पण लग्नाच्या वर्षी शकुबाई मचाणावर भाकर घेऊन गेल्या, वाटेत अंधार पडला, मग वाघाच्या भीतीनं त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्या भाकर लवकर आणून उजेडीच घरी परतू शकल्या असत्या. वाघाची भीती त्यांनी पुढं बरीच वर्षं पुरवली.

घरी दोघांचं बोलणं म्हणजे मीठ, किल्ली आणि बैलाची पेंड. अलीकडे त्यात गोळ्यांची भर पडली होती. मचाणावर मात्र शकुबाईंना कंठ फुटायचा. माहेरची म्हैस, जावेचं वागणं, मेलेली माणसं, जिवंत असून न बोलणारी माणसं, सगळी तिथं हजेरी लावून जायची. गुणवंतराव हुंकार भरायचे. एखादा हुंकार चुकीच्या जागी पडला की त्यांना गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागायची. ते अधूनमधून मुद्दाम चुकत.

मागच्या साली रोशननं, म्हणजे त्यांच्या मुलानं, शेताभोवती तार ओढून झटका मशीन बसवलं. “बाबा, आता जागलीची गरज नाई,” तो म्हणाला. गुणवंतरावांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी घोंगडं उचललं. “अन् मशीनची बॅटरी चोरून नेली तं? मशीनची जागल कोण करीन?” त्या युक्तिवादावर सगळा हंगाम निभावला. पण हंगामाच्या शेवटी तणसाच्या धुळीमुळं शकुबाईंच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरनं तणस बंद केलं आणि जड वाकळही बंद केली. छातीवर वजन नको म्हणाला. यंदा गुणवंतराव मचाणावर एकटेच झोपत. एकटे म्हणजे इतके एकटे, की एका रात्री त्यांनी हुंकार भरला आणि मग इकडंतिकडं पाहिलं.

मार्गशीर्षात खोकला थांबला. गुणवंतरावांनी घरात विषय काढला नाही, फक्त जेवताना दोनदा म्हणाले की यंदा मचाण तणसाशिवायही चांगलं झालं आहे. सून दिव्यानी भाजी वाढत होती. ती म्हणाली, “गरम पायजे, अन् अंगावर वजन नाई पायजे. असं काई भेटलं तं आईले घेऊन जा. नाई तं नाई.” त्या घरात रोशन बोलला की चर्चा होई, दिव्यानी बोलली की विषय संपे.

म्हणून ही पिशवी.

“तुमी नका घालू, भाऊ,” चेन सुटल्यावर गफ्फार म्हणाला. “ज्याले थंडी लागते त्यानं पाहावं. बाई, या. इथी गादीवर पसरून देतो.”

“अगं बाई! इथी? बाजारात?”

“शहराच्या बायका तं सेल्फी काढते याच्यात झोपून. तुमी निसत्या झोपा.”

गफ्फारनं दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथं तो दुपारी स्वतः आडवा होई त्या गादीवर, पिशवी पसरली आणि पाठ करून रेनकोटांच्या घड्या घालू लागला. त्या आधीच घातलेल्या होत्या. शकुबाईंनी चपला काढल्या, त्या जोडून ठेवल्या, पदर खोचला आणि एखाद्याच्या घरात न विचारता शिरावं तशा त्या पिशवीत शिरल्या. गुणवंतरावांनी खाली बसून चेन लावली. हनुवटीशी आल्यावर ते थांबले.

“टोचते का?”

“नाई.”

“छातीवर वजन?”

“हे हाय का नाई अंगावर, तेच समजत नाई. कापूस नाई वाटते याच्यात.”

“गरम?”

“आता तं घातली. थांबा ना जरासं. भाकर तव्यावर टाकली अन् लगेच भाजली का विचारता.”

गुणवंतराव थांबले. गफ्फारनं त्यांना तोवर दुसऱ्या पिशव्या दाखवल्या. एक डोक्यावरून टोपीसारखी ओढून घ्यायची होती, तिच्यात माणूस कोशातल्या किड्यासारखा दिसे. एक फार पातळ होती, ती उन्हाळ्याची. गुणवंतरावांनी प्रत्येक पिशवी हातावर तोलून पाहिली, धानाचा नमुना पाहावा तसं शिवणीत नख घालून पाहिलं आणि कशातलंच काही कळलं नसल्यामुळे प्रत्येक वेळी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, “आलं का गरम?”

शकुबाई डोळे मिटून होत्या. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. एक पांढरी बट कपाळावरून नाकापर्यंत आली होती आणि श्वासासरशी हलत होती.

“गेल्या,” गफ्फार हळूच म्हणाला. “उठवू?”

“नको.”

एवढं म्हणून गुणवंतराव गादीच्या कडेला, दाराच्या बाजूनं, पाय दुमडून बसले. इतक्यात एक गिऱ्हाईक पायरी चढता चढताच ओरडलं, “ओ गफ्फारभाई, वीस बाय तीसची ताडपत्री दाखवा!” मचाणावर डुक्कर आलं की गुणवंतराव डबा बडवत आणि आईबहिणीवरून शिव्या देत. इथं ते नुसते उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. गिऱ्हाइकानं त्यांच्याकडे पाहिलं, गादीवरच्या निळ्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि एकदम आवाज खाली आणला.

“मयत झाली का जी?”

“झोपली हाय.”

“हो का,” तो म्हणाला आणि ताडपत्री न घेता चपला हातात घेऊन गेला.

गफ्फारनं गल्ल्याजवळचा रेडिओ बंद केला. एक गिऱ्हाईक गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि जरा वेळानं निघून गेलं.

“बाई घरी झोपत नाई का, भाऊ?”

“नातवायले घेऊन झोपते. एक लाता मारते, एक पांघरूण ओढते.”

“अन् तुमी?”

“मी बाहेर. सपरीत.”

 गफ्फारनं दोन चहा सांगितले, आणि चहावाल्याच्या पोऱ्याला कपांचा आवाज न करण्याची ताकीद दिली. गुणवंतरावांनी चहा बशीत न ओतता प्यायला, कारण फुरकीचा आवाज होतो. जीभ पोळली. ते गादीवरच्या बटेकडे पाहत राहिले. या सगळ्या हंगामात त्यांनी बायकोला जागी पाहिली होती, खोकताना पाहिली होती, नातवाच्या मागे धावताना पाहिली होती. झोपलेली पाहिली नव्हती.

शकुबाईंना जाग आली तेव्हा रस्त्यावरचं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. त्या दचकल्या. कुठं आहोत हे त्यांना आधी कळलं नाही. मग नवऱ्याचा गुडघा दिसला.

“डोळा लागला का मले?”

“जरासा. दोन मिन्टं.”

गफ्फारनं रिकाम्या कपांकडे पाहिलं आणि ते गल्ल्याखाली सरकवले.

“घाम आला मले,” शकुबाई मानेवरून हात फिरवत म्हणाल्या. “सांगा तुमच्या सुनेले. गरम हाय म्हणा.”

“मंग हेच बांधा, गफ्फारभाऊ.”

“एकच?” शकुबाईंनी विचारलं.

“तुले थंडी लागते. मले कायले पायजे? मी घोंगड्यात राहतो. तू आपली याच्यात झोप, मी इकडून बसतो.”

शकुबाईंनी चेन खाली केली, एक हात बाहेर काढला, आणि पिशवी बाहेरून चाचपून पाहिली. घरात नवीन भांडं आलं की त्या असंच त्याच्या बुडावरून हात फिरवत.

“म्हणजे मी याच्यात बंद. तुमी तिकडं.”

“हो.”

“असं तं घरीबी हाये.”

 बाजारात एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार वळणापर्यंत तिघांनी ऐकून घेतला. शकुबाई पिशवीतून बाहेर आल्या, तसा गफ्फारच उठला. फळीवरून त्यानं तसलीच आणखी एक निळी पिशवी काढली, पहिलीच्या शेजारी पसरली आणि दोन्हींच्या चेना एकमेकींत घालून वर ओढल्या. दोन पिशव्यांची एक झाली. रुंद, फुगीर, बाजारात पाहायला जरा अवघड अशी.

“हे जोडीचं,” तो पिशवीकडे पाहून म्हणाला. “एकीची चेन डावीकडं पायजे, एकीची उजवीकडं, तवा जुळते. म्हणून दोघं मिळून घ्या लागते. मांगून एकटी आणून जोडतो म्हणान तं जमत नाई. अन् उठासाठी चेन आपापल्या बाजूनं उघडते. कोण कोण्या बाजूले झोपते, ते सांगा, त्या हिशोबानं उघडून-लावून दाखवतो.”

 गुणवंतराव छताला टांगलेल्या ताडपत्रीचे टाके तपासू लागले. शकुबाईंनी चपला शोधल्या, त्या समोरच होत्या.

“हे शिडीच्या बाजूनं,” शेवटी शकुबाई म्हणाल्या. हे त्यांनी चपलांना सांगितलं.

“डुक्कर शिडीकडून येते म्हणून,” गुणवंतरावांनी घाईनं खुलासा केला.

“डुक्कर शिडी चढते का, भाऊ?”

“वाघ चढते ना.”

“बराबर,” गफ्फार म्हणाला, आणि त्यानं डाव्या बाजूची चेन उघडून दाखवली.

पिशव्या गुंडाळल्यावर शकुबाईंनी त्या उचलून डोक्यावर ठेवून पाहिल्या, दोन पावलं चालल्या. शेणाच्या रिकाम्या टोपल्यापेक्षा हलक्या आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. गुणवंतरावांनी मोटरसायकल पायरीपाशी आणली. गफ्फारनं गुंडाळ्या कॅरियरला बांधल्या आणि वरून एक नवा दोर फुकट आवळला.

“पाळगाव म्हणता ना तुमचं? यंदा डुकराचा लई तरास दिसते तिकडं,” तो गाठ मारता मारता म्हणाला. “आमच्या साळ्याचं धान तं कवाच घरी आलं. तुमचं कोन्तं, उशिराचं हाय का?”

गुणवंतरावांनी किक मारली. गाडी सुरू झाली नाही. त्यांनी पुन्हा मारली.

“कोन्तं धान, भाऊ?” शकुबाई मागच्या सीटवर बसत म्हणाल्या. बाजारातून जाताना त्या एरवी सीटचा मागचा दांडा धरत. आज त्यांनी हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. “आमचंबी मांगच्याच हप्त्यात घरी आलं.”

गाडी सुरू झाली. वावरात आता नुसती धसकटं होती, आणि धसकटं डुक्कर खात नाही.