आंदणाची डिस्क

माझ्या सासऱ्यांच्या डीव्हीडी प्लेअरला पेन ड्राइव्हचं भोक नाही, आणि नवा घेऊन देतो म्हटलं की त्यांचं एकच उत्तर: "हा चालून राहिला ना जावईबापू." म्हणून आजच्या काळात मी नागपुरात बसून डिस्क बर्न करत होतो. शहाण्या माणसाने करू नये असा उद्योग.

कारण मात्र साधं होतं. सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, गेल्या उन्हाळ्यात वारल्या. भिंतीवर त्यांचा आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो आहे. त्यात त्या पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसतात. बापूजींना, म्हणजे सासऱ्यांना, त्या हलताबोलताना पाहायच्या होत्या, आणि तशा त्या एकाच ठिकाणी सापडणार होत्या: माझ्या आणि श्वेताच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. बर्डीवरच्या एका दुकानातून मी ती कॉम्प्युटरवर उतरवून आणली. चांगले चार तास भरले.

चारही तास एकाच डिस्कवर कोंबले. सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्कमध्ये बसवा' असं एक बटण असतं. मोठं गुणी बटण. सगळं बसवतं, फक्त माणसं ओळखू येत नाहीत. भिवापूरला बापूजींच्या घरी जाऊन डिस्क लावली, तर अख्ख्या वऱ्हाडाच्या चेहऱ्यांचं पिठलं झालेलं.

"हे रुखमा होय का सिंधूताई?" बापूजींनी टीव्हीला नाक लावून विचारलं. सिंधूताई म्हणजे शेजारीण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन नीट अभ्यास केला. डिस्कवर जागा ठरलेली. तासाभराचंच टाकलं तर चित्र झकास, चार तास टाकले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंथोडं. म्हणजे कात्री लावणं आलं, आणि काय कापायचं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती: आंदण! मुलीला द्यायच्या भांड्यांचा मांडवात ढीग, आणि माइकवर कोणीतरी ओरडतोय, "देवराव यांच्याकडून एक कुकर, चंद्रभान यांच्याकडून टेबल फॅन." कोण पाहतो हे? मंगलाष्टकं, कन्यादान आणि बिदाई ठेवली, बाकी उडवलं.

ही दुसरी डिस्क अशी स्वच्छ निघाली की कन्यादानाला बसलेल्या सासूबाईंच्या पदराची किनारसुद्धा दिसत होती. मी शाबासकीची वाट पाहत बसलो. बापूजींनी शेवटपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "अन् आंदण?"

माझं डोकंच सरकलं. स्वयंपाकघरात जाऊन श्वेताला म्हणालो, "तुझ्या बाबाले भांडे पाहाचे आहेत वं! कुकर पाहाचा आहे त्याइले!"

"कन्यादानात आई कशी दिसते, पायलं ना तुम्ही?" ती म्हणाली. "आधार कार्डावानी. कॅमेरेवाल्यानं बसवलं, तशी बसली. आंदणात मात्र कॅमेरा विसरून गेली होती. बाबाले ते आई पाहाची आहे."

मला स्वतःचाच राग आला. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच मी भांड्यांबरोबर कापून टाकलं होतं.

तिसऱ्या डिस्कसाठी पुन्हा मूळ फाइल काढली. पहिल्या डिस्कवरून उतरवलं असतं, तर पिठल्यात आणखी पाणी. अख्खी डिस्क एकट्या आंदणाला दिली आणि सावकाश बर्न केली.

भिवापूरच्या त्या खोलीत कुकर असा चमकला की विचारू नका. आणि त्याच्या मागे सासूबाई! पदर खोचलेला, कपाळावर घाम, एका हातात गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, दुसऱ्या हाताने पोरांना ढिगापासून हाकलत होत्या. कॅमेरा जवळ आला तशा कडाडल्या, "मले काय काढून राहिला गा? भांडे काढ ना!"

श्वेता हसता हसता रडायला लागली. बापूजी खुर्चीत पुढे सरकून बसलेले.

पडद्यावर सासूबाईंच्या हातावर कोणीतरी मोठी पितळी परात ठेवली. त्या वाकल्या, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या, चित्रात न दिसणाऱ्या कोणावर तरी ओरडल्या:

"काहो, उभे काहून राहिले? हे परात धरा ना!"

बापूजी खुर्चीतून अर्धे उठले. दोन्ही हात पुढे झाले होते.

"धरतो ना वं," ते म्हणाले.