डावं पायडल, उजवं पायडल

मित्रांनो, मी एक जुनी वाफेची इस्त्री आहे. 'जुनी' हे मी म्हटलेलं चालतं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि हो, तुमच्या घरातली हातात धरायची इस्त्री डोळ्यांसमोर आणू नका. ती माझ्यापुढे बाळ आहे. मी चांगली खाटेएवढी आहे. खाली गादी, वर लोखंडी झाकण आणि पायाशी दोन पायडलं. डावं दाबलं की झाकण धप्पकन खाली येतं, उजवं दाबलं की फुस्सकन वाफ सुटते.

माझा जन्म एका ओतशाळेतला. ज्या मिस्त्रीने मला जोडलं, त्याने पहिल्यांदा पायडल दाबलं तेव्हा माझं झाकण त्याच्या टोपीवर बसलं. "ही बाई कुणाच्या बापाचं ऐकायची नाही," तो म्हणाला. मला ते फार आवडलं. पुढे एका लाँड्रीत आले, तर दारातून आत जाईना. शेवटी त्यांनी दाराची चौकट काढली. मी काही अंग चोरलं नाही.

ती वर्षं माझी होती. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, नाटकवाल्यांचे झगे, सगळं माझ्या गादीवरून गेलं. तेव्हाचे मोठे मालक रोज सकाळी माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायचे, "हिच्या घडीला तोड नाही." मोठे मालक गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. म्हणजे खुर्चीवर, गादी माझीच.

माझ्यावर तेव्हा ताई काम करायची. नवरा गेल्यापासून ती लेकीला घेऊन भावाकडे राहत होती. भावाचं घर लहान, म्हणून या दोघी झोपायच्या स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात. कुणाला पाणी प्यायचं असलं तरी यांना ओलांडून जावं लागे. वहिनी वाईट नव्हती, पण सुस्कारे फार टाकायची. ताई हे सगळं बाकीच्या बायकांना हसत हसत सांगायची. पण बोलताना माझं उजवं पायडल जरुरीपेक्षा जोरात दाबायची. मला कळायचं.

एक दिवस हॉटेलची गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका बातमी घेऊन आले. हॉटेलच्या कपडेखात्याची मुख्य बाई काम सोडून चालली होती. नव्या मॅडम तिच्या जागी लाँड्रीतलीच कुणी जाणती बाई घेणार होत्या. कामाबरोबर राहायला एक खोली होती. फक्त एक अडचण होती. तिथल्या निम्म्या बायका स्पॅनिश बोलणाऱ्या, मॅडमही त्यांच्याच मुलखातल्या, तेव्हा चार शब्द तरी यायला हवेत.

"खोलीला दार आहे का?" ताईने विचारलं.

"अगं, खोली म्हटलं की दार आलंच की!"

"मग शिकवा मला. तुम्ही जहाजावर होतात ना?"

काका तरुणपणी जहाजावर स्वयंपाकी होते आणि सगळं स्पॅनिश कांदे चिरता चिरता शिकले होते. हात चालला नाही तर शब्द डोक्यात टिकत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. डावं पायडल दाबताना माणूस सांगायचा, उजवं दाबताना त्याचं 'असणं'. धप्प: यो. फुस्स: सोय. म्हणजे मी आहे. धप्प: तू. फुस्स: एरेस. धप्प: एल. फुस्स: एस. म्हणजे तो आहे. एया एस, ती आहे.

"अगंबाई, त्यांचा तू म्हणजे आपलाच तू!" ताईला कोण आनंद झाला.

"पण मॅडमला तू म्हणालीस तर संपलं. तिथे उस्तेद म्हणायचं. उस्तेद एस."

"म्हणजे अहो-जाहो," शेजारी चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या. मावशी या लाँड्रीतल्या सर्वांत जुन्या. त्यांना या शिकवणीचं भारी हसू यायचं. "कर बाई कर पोपटपंची! उद्या चादरी पण परदेशी बोलायला लागतील."

आणि 'आम्ही'? ते नोसोत्रोस सोमोस. पण सगळ्या बायकाच असतील तर नोसोत्रास सोमोस. लाँड्रीत सगळ्या बायकाच, म्हणून ताई तेवढंच शिकली. एकदा काका म्हणाले, "हे बघ, त्यांच्याकडे 'आहे' दोन आहेत. एक तू कोण आहेस ते सांगायला. ते सोय. दुसरं, तू आत्ता कुठे आहेस, कशी आहेस, ते सांगायला."

"म्हणजे मी इस्त्रीवाली आहे, ते पहिलं. आणि भावाच्या बोळात आहे, ते दुसरं?"

"अगदी बरोबर."

"मग दुसरं नंतर बघू," ताई म्हणाली. "तिथे मला फार दिवस राहायचंच नाहीये."

मित्रांनो, त्या वाक्याला मी माझ्याकडची होती नव्हती तेवढी वाफ सोडली.

आणि नेमकं त्याच सुमाराला धाकट्या मालकांनी नवं मशीन आणलं. गुळगुळीत, बटणांचं, लुकलुकणाऱ्या दिव्यांचं. कापड एका बाजूने घाला, दुसऱ्या बाजूने घ्या. पाय हलवायला नको. माझा वाफेचा पाइप कापला, मला ढकलून कोपऱ्यात नेलं आणि माझ्यावर मळक्या कपड्यांची पोती रचली. भंगारवाल्याला सांगावा गेला. ज्या गादीवर मी डाग पडू दिला नाही, तिच्यावर लोकांचे घामट सदरे! मी रडले नाही. मला राग आला, आणि तो अजून आहे.

पण ताईने मला सोडलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ती पोती बाजूला करायची, एका हातात पोळीचा घास धरून माझ्यासमोर उभी राहायची आणि थंडगार पायडलं दाबायची. वाफ नव्हती. नुसतं धप्प आणि खट्. यो सोय, तू एरेस, एल एस. तिला सगळं यायला लागलं. फक्त एक खोड लागली, ती आमच्या दोघींच्याही लक्षात आली नाही.

मग बाई निवडायला मॅडम स्वतः आल्या. काकांच्याच गाडीतून आल्या आणि काकांना म्हणाल्या, तुम्ही मध्ये बोलू नका, मला बायकांचं ऐकायचंय. मालकांना आपली सर्वांत चांगली कामवाली घालवायची नव्हती. तिचं कसब दिसू नये म्हणून त्यांनी तिला मुद्दाम नव्या मशीनपाशी उभं केलं होतं. मॅडमनी हसून विचारलं, "किएन एस उस्तेद?" म्हणजे, आपण कोण?

ताईने डावा पाय आपटला. खाली फरशी. पुन्हा आपटला. तोंडातून शब्द फुटेना. हीच ती खोड! पायाखाली पायडल असल्याशिवाय तिला एक अक्षर येत नव्हतं.

"घाबरलीय ती," मालक पुढे झाले. "साधी प्रेसवाली आहे, मॅडम. तिचं काही मनावर घेऊ नका."

ताईने मालकांकडे पाहिलं. मग वळली, सरळ माझ्याकडे आली आणि पोती ओढून खाली फेकली. एक पोतं मालकांच्या बुटांवर पडलं.

"काय चाललंय हे?" मालक ओरडले.

"विचारलंय मला," ताई म्हणाली. "उत्तर मी देणार."

आणि तिने माझ्या डाव्या पायडलवर पाय ठेवला. गंजलेली होते, सांधे धरले होते, पण त्या क्षणी मी अडले असते तर स्वतःहून भट्टीत गेले असते. धप्प! "यो." खट्! "सोय प्लांचादोरा." मी इस्त्रीवाली आहे. मॅडमनी मालकांकडे बोट दाखवून विचारलं, आणि हे कोण? आता पंचाईत अशी, की ताईला मधलंच काही काढता येत नव्हतं. पाढ्यासारखं पहिल्यापासून यावं लागे. यो सोय, तू एरेस, मग कुठे "एल एस", आणि पुढे आपला मराठीच "मालक". मग मॅडमनी सगळ्या बायकांकडे हात केला. पुन्हा यो पासून सुरुवात! धप्प खट्, धप्प खट्, मावशींच्या हातातली चादर अर्धवट. आणि शेवटी ताई पोचली: "नोसोत्रास सोमोस!" मावशींनी चादर टाकून टाळीच वाजवली.

मॅडम हसत होत्या, पण ते हसू वाकडं नव्हतं. त्यांनी काकांना बोलावलं. काका म्हणाले, "मॅडम म्हणतायत, भाषा अजून कच्ची आहे, ती तिकडे बायकांमध्ये पिकेल. पण मालकाला बाजूला सारून स्वतः बोलणारी बाई त्यांना हवी आहे. कधी येतेस?"

"आज," ताई म्हणाली. "लेकीला शाळेतून घेते आणि येते."

पुढच्या सुट्टीला ती सगळ्यांना भेटायला आली. खोली लहान आहे, खिडकी भिंतीकडे उघडते, असं म्हणाली. "पहिल्या संध्याकाळी मी आतून कडी लावली आणि आम्ही दोघी नुसत्या बसलो. कुणीच आम्हाला ओलांडलं नाही." एवढं बोलून तिला रडू आलं. मावशींनाही आलं. मला लोखंडाची म्हणून येत नाही, इतकंच.

मालकांनी रागारागाने भंगारवाल्याला पुन्हा बोलावलं. तो दोरखंड घेऊन आला, तर मावशी माझ्या गादीवर मांडी घालून बसलेल्या. "हिला उचलायचं असेल तर माझ्यासकट उचल."

"मावशी, तुम्हाला या वयात कुठे जायचंय?" मालकांनी विचारलं.

"कुठ्ठे नाही. पण तुम्हाला कळणार नाही अशा भाषेत मला तुमच्याबद्दल पुष्कळ बोलायचंय."

भंगारवाला हसत परत गेला. काका आता मावशींना शिकवतात आणि दुपारी माझ्यापाशी बायकांची रांग लागते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी हात जोडून विनवणी करायची असते म्हणे. मी नाही करणार. मला दया नको, कोपऱ्यातली धूळ नको आणि माझ्यावर पोती तर मुळीच नकोत. थोडं तेल आणा, दोन्ही पायडलांना घाला, आणि बाजूला व्हा. पुढची उभी आहे.