बाळंतीण

"शेतकरी महिला बाळंत झाल्यामुळे शेत पडीक," कृषी कार्यालयातल्या साहेबांनी वाचून दाखवलं आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातली थोरली सून, पन्नाशी उलटलेली बाई ती. धाकटा लेक मिशीला पीळ देत हिंडतोय, आणि ही म्हणे बाळंतीण. शेजारी बसलेला दीर खाली मान घालून हसत होता.

घोळ सासऱ्यांनी घातला होता, पण त्यांची तरी चूक कशी म्हणावी? ओढ्याकाठच्या शेताला घरात तसंच म्हणतात. धान्य, मग कडधान्य, मग पुन्हा धान्य घेऊन झालं की एक वर्ष तिथे नुसता लसूणघास पेरायचा, कापायचा आणि तिथेच कुजू द्यायचा. दमलेल्या जमिनीने जरा अंग धरावं म्हणून. त्या वर्षी ते शेत बाळंतीण. कार्यालयातून फोन आला, यंदा पीक का नाही, तर म्हातारा ठणकावून म्हणाला, "बाळंतीण आहे ती, तिला त्रास देऊ नका." पलीकडच्या भल्या माणसाने अभिनंदनसुद्धा केलं.

हसण्यावारी नेलं असतं. पण सरकारचं अनुदान होतं ते औषधं न फवारता पिकांची फेरपालट करणाऱ्याला. पडीक ठरलं की शेत योजनेतून बाहेर. आणि दीर त्याचीच वाट बघत टपलेला. फवारणीवाल्या ठेकेदाराला शेत भाड्याने द्यायचं, इथपर्यंत त्याचं बोलणं झालं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नका. बाळंतपणाऐवजी आजारपण लिहितो. आजाऱ्याला यंदा सवलत आहे, पैसे मिळतील. सही करा."

"करून टाका वहिनी," दीर कानाशी लागला. "आयतं ताटात पडतंय."

"मी आजारी नव्हते," थोरली म्हणाली. "घास मी पेरला, मी कापला, पाठीचा काटा ढिला झाला माझ्या. आणि आजारी लिहिलंत तरी शेत पडीकच ना?"

"ते तसंच राहील. पुढच्या वर्षी योजनेतून बाहेर."

"मग सही नाही. शेत बघायला चला."

"पुढच्या महिन्यात बघू."

"बघा की. मी इथेच आहे." तिने पिशवीतला डबा काढला, साहेबांचे कागद बाजूला सरकवले आणि त्यांच्याच टेबलावर जेवायला बसली.

शिपाई दोनदा डोकावून गेला. डबा संपला, तरी बाई हलेना. शेवटी साहेबांनी कपाळाला हात लावला आणि गाडीची किल्ली उचलली.

सासरे बांधावर बसलेच होते. समोर कापणीनंतर पुन्हा फुटलेला गुडघाभर हिरवागार घास. साहेब मोटारसायकल तशीच आत घालायला लागले, तर म्हाताऱ्याने काठी आडवी केली.

"गाडी बाहेर. बाळंतीण आहे."

साहेबांनी शेताकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. उतरून चालत आत गेले, सगळं हिंडून आले. मग त्यांनी 'पडीक' खोडलं आणि 'घास उभा, फेरपालट चालू' असं लिहिलं. थोरलीने ते मोठ्याने वाचायला लावलं, दिराला नीट ऐकू जाईल असं.

साहेब गेल्यावर दीर धुसफुसला, "खोडलं म्हणून बरं. नसतं खोडलं तर काय करणार होतात?"

"काय करणार? अनुदानावर पाणी सोडलं असतं," थोरली म्हणाली. "शेतावर नाही. बाळंतिणीला भाड्याने द्यायची रीत आपल्या घरात अजून आलेली नाही, भावजी."