उंबऱ्याबाहेरचा विस्तव

सकाळी उंबऱ्यावर पिवळी फुलं पडलेली होती. ओल्या कुरणातली, देठासकट ओरबाडून आणलेली. डिम्प्ना गॅविगनने ती झाडूने बाहेर वाटेवर लोटली.

"आज प्लंबर यायचाय, आणि हा पसारा!" ती नवऱ्यावर करवादली.

मॅलकीने ऐकलं नाही. त्याचे मोजे घोट्यापर्यंत भिजले होते आणि तो लोखंडी चुलीपुढे बसून आतल्या आगीकडे बघत होता, पाळण्यातल्या लेकराकडे बघावं तसा.

मॅलकीचं आता बरंचसं गेलं होतं. आधी गाईंची नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. गेल्या हिवाळ्यात डिम्प्नाचं नाव गेलं. तो तिला 'बाई' म्हणायचा, अहोजाहो करायचा, चहाचा कप हातात दिला की आभार मानायचा. सगळ्या संसारात एवढा मान तिला कधी मिळाला नव्हता. ती हसायची, आणि मागच्या अंगणात जाऊन रडायची.

एकच गोष्ट उरली होती. तिन्हीसांजेला तो आपण होऊन उठायचा, चुलीचं दार उघडायचा, निखारे चिमट्याने जवळ ओढायचा आणि त्यांच्यावर राख पसरून विस्तव निजवायचा. आईने शिकवलेली, संत ब्रिगिड आणि मेरीमातेला विस्तव सोपवायची प्रार्थना पुटपुटायचा:

नीज रे विस्तवा, घेई राखेची वाकळ,
ब्रिगिड उशाशी, मेरी राखते सकाळ.

तिसरी ओळ तो इतका खाली वाकून म्हणायचा की ती राखेलाच ऐकू जायची. तेवढ्यापुरते त्याचे खांदे सरळ व्हायचे, हात जाणते व्हायचे. तेवढ्यापुरता तिचा मॅलकी घरी यायचा. सकाळी राख सारली की निखारा लाल. त्याच्या आजीने माहेरच्या चुलीतून हंडीत घालून आणलेला तो विस्तव त्या घरात कधी विझलाच नव्हता.

पण चुलीच्या पाठीत बॉयलर होता. दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या ढेपा चुलीत जळायच्या आणि त्या धगीवर तापलेलं पाणी घरभरच्या रेडिएटरांत फिरायचं. आता तो बॉयलर तडकला होता. आगीवर पाणी ठिबकायचं, चूल रात्रंदिवस सुस्कारे टाकायची आणि रेडिएटर मढ्यासारखे गार. हिवाळाभर मॅलकीच्या छातीतून खोकला गेला नाही. डॉक्टर म्हणाली, "घर गरम हवं. पुढचा हिवाळा असा काढता येणार नाही."

म्हणून प्लंबर फर्गल टूही आला, त्याच्या बापाने बसवलेला बॉयलर काढायला.

"हा माझ्याहून वयाने मोठा," तो चुलीमागे डोकं घालून म्हणाला, "आणि माझ्या नाकासारखा गळतोय."

"तुझ्या बापाने दोन दिवस घेतले होते बसवायला. त्यातला दीड दिवस चहात गेला."

"मग मी बापाचं नाव राखतो. किटली ठेवा, मिसेस गॅविगन."

"नुसती भेग सांधता नाही का येणार?" तिने परत एकदा विचारलं.

"ओतीव लोखंड आहे. सांधलं तरी आठवड्यात पुन्हा फुटेल. आणि पाण्यावाचून पेटवली चूल, तर तुम्ही दोघं छपरासकट वर जाल. पाइप चांगले आहेत, रेडिएटर धुऊन घेतो. नवा तेलावरचा बॉयलर मागच्या भिंतीला, बाहेर. एक बटण दाबायचं, बस."

"बटणावर राख कशी पसरायची तेवढं सांग."

फर्गलने डोकं परत चुलीमागे घातलं. त्याला मॅलकीचं माहीत होतं.

डिम्प्नाने मनाशी ठरवून ठेवलं होतं. गल्लीच्या टोकाला असम्प्टा किलीनकडे अजून उघडी चूल होती. विस्तव तिथे न्यायचा आणि रोज संध्याकाळी मॅलकीला हाताला धरून तिकडे घेऊन जायचं. असम्प्टा म्हणाली होती, "आण गं त्याला. माझी कंबर तरी वाचेल."

तिने आजीचीच लोखंडी हंडी काढली, तळाशी राख घातली, त्यावर निखारे, वर पुन्हा राख. झाकण लावून ती दाराशी आली, आणि मॅलकी तिच्याआधी दारात होता. दोन्ही हात चौकटीला लावून उभा.

"कुठे चाललीस, डिम्प्ना?"

हंडी तिच्या हातून निसटता निसटता राहिली.

"असम्प्टाकडे... विस्तव घेऊन."

"आज? मे महिन्याच्या पहिल्या दिवशी? अगं, आज दूध द्यायचं नाही, राख द्यायची नाही, विस्तव तर नाहीच नाही. घराची सगळी बरकत त्याच्या मागोमाग निघून जाते. मी सकाळीच राखणीची फुलं टाकली होती उंबऱ्यावर. कुणी झाडली?"

"मी."

"तू कायमचीच धांदरट," तो म्हणाला आणि हसला. तेच ते, एका बाजूने वर जाणारं हसू.

फर्गलने तारीख सांगितली तेव्हा तिने नुसती मान हलवली होती. लहानपणापासून पाळलेला दिवस तिच्या डोक्यातून गेला, आणि सगळं विसरलेल्या माणसाने तो धरून ठेवला.

"नाही नेत," ती म्हणाली. "शपथ. आज विस्तव घराबाहेर जाणार नाही."

उद्या नेता येईल; राखेत निखारा एवढा तग धरतो. तिने हंडी भिंतीशी ठेवली आणि चहा केला. मॅलकीने पावाला लोणी लावता लावता तांबड्या गाईचं नाव घेतलं. डिम्प्नाच्या बहिणीची थट्टा केली. मागे फर्गल पहारीने चूल भिंतीतून सोडवत होता; रेडिएटरांतून काळं, गाळाचं पाणी नळीवाटे बाहेर धावत होतं. तिला वाटलं, ओरडून सांगावं, थांब रे, सगळं होतं तसं परत लाव. मग मॅलकी खोकला, आणि ती गप्प बसली.

दुपार कलल्यावर फर्गलने हाक मारली. "या मिसेस, पहिलं बटण तुमचं. मान तुमचा."

तिने दाबलं. मागच्या भिंतीपलीकडे घुर्रर्र झालं. रेडिएटर टकटकले आणि एकेक करून ऊन होऊ लागले. मॅलकी खिडकीशी गेला. बाहेरच्या पत्र्याच्या पेटीच्या नळीतून पांढरी वाफ निघत होती.

"तिथे काय पेटलंय?"

"आग, मॅलकी!" फर्गल हात पुसत म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "तुमचीच आग. आता बाहेर ठेवलीय. घरात राख नको, धूर नको."

मॅलकीने हंडीकडे पाहिलं. वाफेकडे पाहिलं. मग डिम्प्नाकडे.

"गेला," तो म्हणाला. "विस्तव बाहेर गेला."

"बंद कर ते, फर्गल. आधी बंद कर!"

फर्गलने बंद केलं. वाफ विरली. पण मॅलकी खिडकीपासून केव्हाच वळला होता.

फर्गल निरोप घेऊन गेला. मॅलकीला खोकल्याची उबळ आली तेव्हा तिने बटण पुन्हा दाबलं. घर कधी नव्हतं इतकं उबदार झालं, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. तिन्हीसांजेला तिने हंडी चुलीच्या रिकाम्या खोबणीत ठेवली, राख सारली. निखारे जिवंत होते, लालबुंद. तिने चिमटा मॅलकीच्या हातात दिला.

त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि अदबीने परत केला.

"तुमचं घर छान गरम आहे, बाई. पण मला निघायला हवं. आमच्याकडे आग निजवायची असते. घरची माणसं वाट बघत असतील."

"हीच रे ती आग."

"नाही हो. आमची चुलीत असते."

मग तीच गुडघ्यांवर बसली. निखारे जवळ ओढले, राख पसरली. नीज रे विस्तवा. दोन ओळी म्हणून थांबली.

"तिसरी काय रे, मॅलकी?"

तो कोटाची बटणं लावत होता, सगळी एक घर चुकवून. "दार जरा उघडता का, बाई?"

तिने आपला कोट चढवला, त्याचा हात धरला. बाहेर अजून उजेड होता. सकाळी लोटलेली फुलं वाटेवर सुकून पडली होती. ती त्याने न बघता ओलांडली. मागच्या भिंतीशी पत्र्याची पेटी घुरघुरत होती. घराला पूर्ण वळसा घालून तिने त्याला पुढच्या दाराशी आणलं. "आलं बघ तुझं घर," ती म्हणाली.

त्याने पायपुसण्यावर बूट नीट पुसले. आत डोकावून पाहिलं.

"हे तर मघाचंच, बाई," तो म्हणाला.