बोर्डावर कोण बसलंय?

नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून माझी लेक उन्हाळ्यात घर सोडून गेली. कुठं राहते ते मलाही सांगितलं नव्हतं, आणि तेच बरं होतं, कारण जावई रोज दारात येऊन "कुठं लपवलीय?" म्हणून बसायचा. पण पोरीचा आवाज ऐकायला माझा जीव तुटत होता.

भाची कॉम्प्युटरवाली. ती म्हणाली, "मावशी, ताईनं मैत्रिणीकरवी कळवलंय, ती व्हीपीएन लावून फोन करणार आहे. तिचं सगळं आधी त्या कंपनीकडे जातं आणि तिथून पुढं. बाहेरच्याला फक्त कंपनी दिसते."

"आणि कंपनीला?"

"तिला ताई कुठून बोलतेय ते दिसतं. पण ती कुणाला सांगत नाही."

मला हसूच आलं. "अगं, मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर काढला. कानाला हेडफोन, समोर जोडायच्या दोऱ्या, ओठांवर 'नंबर प्लीज'. कुणाचं लग्न मोडतंय ते आधी मला कळायचं. मी गप्प बसले, पण शेजारच्या खुर्चीवरच्या बयेच्या तोंडात तीळ भिजायचा नाही! हे व्हीपीएन घेतलंय कुणाच्या नावावर?"

भाचीचा चेहरा पडला. "भावजींनी घेतलं होतं, सगळ्या घरासाठी. ताई तेच वापरणार होती."

"चोराच्या हाती किल्ल्या! कोण कुठून जोडलंय ते त्याला दिसेल?"

"दिसू शकतं," ती हळूच म्हणाली. "मग टॉर वापरू. त्यात वाटेत तीन ठिकाणं लागतात. पहिल्याला ताई कळते, पण निरोप कुठं चाललाय ते नाही. शेवटच्याला कुठं ते कळतं, पण कुणाचा ते नाही. मधल्याला फक्त हे दोघे. पण फार हळू चालतं. बोलता नाही येणार, आवाज भरून पाठवावा लागेल."

मला एकदम आमची 'मधली' आठवली. लांबचा ट्रंक कॉल असला की वाटेतल्या एक्स्चेंजवर ती असायची. वर्षानुवर्षं बोललो, तिला सर्दी झाली तरी मला आवाजावरून कळायचं, पण तोंड म्हणून कधी पाहिलं नाही. एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी "येते गं" म्हणाली, आणि मी बोर्डावरच रडले. माझी लेक तेव्हा शेजारी स्टुलावर बसलेली. घरी आली की कपाटाच्या मुठीला नाडी बांधून नाकात बोलत माझी नक्कल करायची कार्टी.

दोन दिवसांनी भाचीनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर ती पट्टी काही भरेना, आणि भाची चुळबुळायला लागली.

"बस गं गप," मी म्हटलं. "ट्रंक लागायला वेळ लागतोच."

शेवटी खरखर झाली. ना नाव, ना गाव, ना 'आई कशी आहेस'. नुसता एक श्वास, आणि मग नाकातला तो आवाज:

"नंबर प्लीज."

तिला ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी पदरानं डोळे पुसत मी म्हटलं, "घर द्या, बाई. घर."